कुमुद्वतीचा वाद

एका राज्यात पाणी शब्दावर अडले होते. झाले असे, की डोंगरावर राहणाऱ्या धूम्राक्ष नावाच्या मांत्रिकाने राजधानीला येणारा झरा मंत्राने बांधून टाकला. मग तो भर सभेत येऊन म्हणाला, "झरा माझ्या डोंगरातून निघतो, म्हणून पाणी माझे. वादात मला हरवाल तर झरा सुटेल. हराल तर दगड व्हाल."

राजा भद्रसेनाच्या दरबाऱ्यांना मान डोलवण्यापलीकडे काही येत नसे. पाच जण वादाला उभे राहिले, पाचही दगड झाले. सहावे उभे राहिले पाठशाळेचे आचार्य वसुषेण. मोठे विद्वान, पण मांत्रिकाचे पुरते ऐकण्याआधीच ते बोलू लागले. बोलता बोलता त्यांची बोटे थिजली, मग ओठ.

त्यांची मुलगी कुमुद्वती बारा वर्षांची. पाठशाळेत ती बोलायला उभी राहिली, की तिचे शब्द एकमेकांवर आदळत, वाक्याचा शेवट गिळला जाई आणि मुले हसत. वडील दगड झाल्यापासून तिला एका जागी बसवेना. घरातून तळ्याकडे, तळ्यावरून सभामंडपाकडे तिच्या येरझाऱ्या चालत. तळे रोज हातभर आटत होते. चार दिवसांचे पाणी उरले.

तळ्याकाठच्या करंजावर एक म्हातारी साळुंकी राही. ती माणसांसारखी बोले.

"मुली, किती फिरशील?"

"मला वादाला उभे राहायचे आहे. पण तोंड उघडले की सगळे विसरते."

"तीन दिवस, तीन कामे. करशील?"

"करीन. लवकर सांगा!"

"ही घाईच तुला दगड करील," साळुंकी म्हणाली, आणि डोंगराच्या दिशेने उडाली. कुमुद्वती मागोमाग धावली.

पहिल्या दिवशी ती वाऱ्याच्या खिंडीत पोहोचली. पलीकडच्या कड्यात एक दगडी दार होते. वाक्याचा शेवटचा शब्द पहिल्याइतकाच स्पष्ट पोहोचला, तरच ते उघडे. कुमुद्वती ओरडली. दार हलले नाही. दुपारपर्यंत घसा बसला. मग तिने पाय घट्ट रोवले, पोटापर्यंत श्वास घेतला आणि शब्दाशब्दात जागा सोडून सावकाश म्हणाली, "मी वसुषेणांची मुलगी, मला आत येऊ द्या." दार उघडले.

दुसऱ्या दिवशी दारामागच्या गुहेत एक चिडखोर यक्ष भेटला. "माझे ऐक, आणि माझेच म्हणणे मला सांग. बरोबर निघाले तर वाट देईन." कुणीतरी त्याचे झाड तोडले होते, त्याची ती लांबलचक कहाणी. कुमुद्वतीने तीनदा मध्येच तोंड घातले. तीनदा यक्षाने पहिल्यापासून सुरुवात केली. तिकडे तळे आटत होते आणि इथे हा झाडाची पाने मोजत होता! अखेर तिने ओठ मिटले, शेवटपर्यंत ऐकले आणि सगळे सांगितले. यक्षाने सुस्कारा टाकला. "हो, हेच. आजवर कुणी पुरते ऐकलेच नव्हते."

तिसऱ्या दिवशी डोंगरमाथ्यावर साळुंकी म्हणाली, "आता धूम्राक्षाची बाजू मांड."

"त्याची? त्याने माझ्या तातांना दगड केले!"

"म्हणूनच."

कुमुद्वती रागाने निम्मा डोंगर उतरून गेली. वाटेत झऱ्याभोवतीचे राखलेले रान आणि विझवलेल्या वणव्यांच्या खुणा तिला दिसल्या. मग ती परत आली. रडत रडत बोलू लागली. झऱ्याभोवतीचे रान धूम्राक्षाने राखले, वणवे एकट्याने विझवले, राजधानीतून त्याला कुणी कधी विचारले नाही. बोलता बोलता तिचे रडे थांबले. त्याचे कुठे खरे आहे ते तिला दिसले, आणि कुठे लंगडे आहे तेही.

चौथ्या दिवशी सभा भरली. धूम्राक्ष हसला. "ही पोर?"

"आधी तुमचे म्हणणे सांगते," कुमुद्वती म्हणाली. "चुकले तर थांबवा." रान, वणवे, उपेक्षा, तिने सगळे सांगितले. मांत्रिकाचे हसू मावळले.

"असेच आहे," तो हळूच म्हणाला.

"जिथून निघते, त्याचे पाणी. हाच तुमचा नियम?"

"हाच."

तिच्या पायाची बोटे गार पडू लागली होती. तिने घाई केली नाही.

"डोंगरात पाणी कुठून येते?"

"पावसातून."

"आणि पाऊस आणणारे ढग कुठून येतात?"

उत्तर तिनेच दिले.

"समुद्रातून. मग तुमच्याच नियमाने झरा समुद्राचा ठरतो. रान राखलेत, त्याचा मान तुम्हाला मिळायलाच हवा. पण राखणारा मालक होत नाही."

मांत्रिकाने मान झुकवली. "मी हरलो," तो म्हणाला.

त्याच क्षणी डोंगरात गडगडाट झाला आणि पाणी सुटले. सहाही दगडांनी श्वास घेतला. "तात!" म्हणत कुमुद्वती वडिलांना बिलगली.

राजा गरजला, "या मांत्रिकाला कड्यावरून लोटा!"

शिपाई पुढे झाले. कुमुद्वती वडिलांच्या मिठीतून सुटली.

"महाराज, मला हे मान्य नाही."

त्या मंडपात असे वाक्य कुणी कधी उच्चारले नव्हते. आचार्यांनी घाबरून तिचा हात धरला. राजा सिंहासनावरून अर्धा उठला, तिच्याकडे पाहत राहिला आणि पुन्हा बसला.

"का? सांग."

वाद माध्यान्हापर्यंत चालला. राजाने तिला दोनदा अडवले, एकदा ती चुकलीही आणि तिने तसे कबूल केले. शेवटी धूम्राक्ष झऱ्याचा राखणदार म्हणून मानाने डोंगरावर परत गेला, आणि राजा भद्रसेनाने आयुष्यात प्रथमच, सगळ्यांदेखत, आपला हुकूम मागे घेतला.