सोनेरी तारेचा झगा

गाड्यांमध्ये कॅसेट वाजायच्या, त्या काळची गोष्ट. एका जीपमध्ये नवे स्पीकर बसले. डाव्याच्या वाट्याला सोनेरी झग्याची महागडी तार आली, उजव्याच्या वाट्याला साधी लाल-काळी.

"शी! हिच्यातून गाणं येणार की खरखर?" उजवा स्पीकर फुरंगटला. लाल-काळी अंग चोरून बसली.

दस्तगीर मिस्त्रींनी पक्कड उचलली, तशी सोनेरी तार किंचाळली, "खबरदार! माझा झगा सोलायचा नाही!"

नव्या सीटचं प्लास्टिकही न काढणारे जीपमालक म्हणाले, "राहू द्या हो मिस्त्री. एवढं छान आवरण कशाला कापायचं?"

मिस्त्रींनी हसू दाबत ती तशीच खोचली. लाल-काळीने मात्र निमूटपणे टोकं सोलून घेतली.

कॅसेट सुरू झाली. डावीकडे चिडीचूप! उजवीकडून मात्र सनईचा असा सूर उठला, की गॅरेजातली माणसं हातातलं काम टाकून धावली.

"अगं, तू आत लपवलंयस तरी काय?" उजव्याने हरखून विचारलं.

"तांबं! सोनेरीच्या पोटातही तेच आहे. फक्त टोकं उघडी करावी लागतात."

सोनेरीने मुकाट्याने टोकं पुढे केली. मग दोन्ही स्पीकर असे गाऊ लागले, की कोण कुठल्या तारेवर गातोय, हे खुद्द त्यांनाही सांगता येईना. लाल-काळी सीटखाली ऐसपैस पसरली.