नीलगडचा नगारा

मुद्गलभट्टांनी उभं आयुष्य वेचून ग्रंथ लिहिला: राज्यं कशी जन्मतात, कशी वाढतात आणि शेवटी कशी बुडतात. दसऱ्याच्या दरबारात तो ऐकताना राजा रणधवल खवळला.

“राज्य कधी बुडत नसतं! तो अध्याय फाडा, नाहीतर तुरुंगात जा!”

दाराशी नगारा वाजत होता. राजाच्या आजोबांनी नीलगडचं राज्य जिंकून तो आणला होता. दर दसऱ्याला तो मिरवायचा रिवाजच होता.

भट्टजी म्हणाले, “फाडतो, महाराज. पण राज्य बुडतच नसेल, तर नीलगडही बुडालेलं नाही. त्यांचा नगारा तेवढा परत पाठवा.”

राजाने नगाऱ्याकडे पाहिलं आणि तो हळूच म्हणाला,

“भट्टजी, तोच अध्याय वाचा. आमचा नगारा दुसऱ्याच्या दारात वाजू नये, म्हणून काय करावं ते ऐकू द्या.”