अडलेलं पाऊल

“सांगा ताई, माझ्या नाचात तुमचं काय उरलंय?”

रेवा चिटणीसला बसवत नव्हतं. तिची नवी नृत्यरचना परदेशातल्या एका मोठ्या महोत्सवासाठी निवडली गेली होती. तुमच्यावर कुणाचा प्रभाव आहे, असं तिथले लोक विचारत होते. ‘कुणाचाच नाही’ असं ती सांगणार होती. पण त्याआधी तिला ते कुमुदताईंच्या तोंडून ऐकायचं होतं. लहानपणी मिरजेत ती त्यांच्याकडेच कथक शिकली होती.

ताईंचा अडकित्ता चालूच होता.

“घुंगरू?”

“सोडले.”

“पायांचा तत्कार?”

“तोही.”

“मग एवढी धावत आलीस ती भांडायला की पाया पडायला?”

“दोन्हीला.”

ताई हसल्या आणि नाचून दाखव म्हणाल्या.

रेवाने चटई गुंडाळली, ओढणी कमरेला खोचली. नाचता नाचता ते पाऊल आलं. डावा पाय उचलला जायचा, हवेत क्षणभर अडायचा, मग एकदम जमिनीवर पडायचा. त्या पावलाला प्रेक्षक श्वास रोखायचे. वर्तमानपत्रांनी त्याला ‘रेवाचं पाऊल’ असं नावच दिलं होतं.

ताईंनी सुपारी खाली ठेवली.

“हे कुठून आलं?”

“आतून. कुणी शिकवलेलं नाही.”

“खरंय. पुन्हा कर.”

तिने केलं. ताईंचे डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. त्यांनी आणखी एकदा करायला लावलं.

मग भिंतीला धरून त्या उठल्या. चहा टाकते म्हणाल्या. उद्या डॉक्टर त्यांचा डावा गुडघा बदलणार होते, मग बरेच दिवस ओट्याशी उभं राहता येणार नव्हतं.

त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या.

डावा पाय उचलला... अडला... पडला.

रेवा बघतच राहिली. याच खोलीत ताई मुलींच्या रांगांमधून अशाच फिरायच्या, हाताने ताल देत. बाकीच्या मुली त्यांच्या हातांकडे बघायच्या. शेवटच्या रांगेतल्या बुटक्या रेवाला पुढच्या मुलींच्या पायांमधून फक्त त्यांचे पाय दिसायचे.

“ताई... हे तर तुमचं...”

“छे. मी कधी शिकवलं?”



ताई दाराशी वळल्या.

“उद्यापासून माझं पाऊल सरळ पडेल. हे आता तू सांभाळ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंना ऑपरेशनला नेलं, तेव्हा रेवा स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत चालत गेली.