झेंडूचा घास

रेसच्या आदल्या दिवशी इनामदारांची जुनी स्पोर्ट्स गाडी काळा धूर ओकू लागली.

"तुझ्या बापानं नवरात्राआधी साफ करताना कार्ब्युरेटर बिघडवला. उद्या गाडी धावली नाही, तर गॅरेजची पाटी उतरवतो!" ते मिस्त्रींच्या मालूवर कडाडले.

तेवढ्यात इंजिनानं फट्‌कन बार काढला. मालू दचकली, पण तिनं हातातला पाना सोडला नाही.

"साहेब, खंडेनवमीला इंजिनाची पूजा कुणी केली?"

"मीच! पूजेला दुसऱ्याला बॉनेट उघडू देतो काय मी?"

"त्यानंतर कुणी उघडलं?"

"कुणाची छाती आहे?"

मालूनं कार्ब्युरेटरच्या उघड्या तोंडात चिमटा घातला आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्यांचा बोळा बाहेर काढला. इंजिन एका लयीत घुमू लागलं.

"गाडीला श्वास हवा होता साहेब, तुम्ही तिला झेंडू चारलात. आता पाटी कुणाची उतरवायची?"