जातो, सर

"पण बाबा, निघताना माणसानं ‘येतो’ म्हणायचं असतं ना?"

विचारणारे भोईटे सर, गावच्या हायस्कूलचे हेडमास्तर. मराठीचा त्यांना भारी अभिमान. चुकलेला शब्द त्यांना भातातल्या खड्यासारखा लागे.

टेकडीवरच्या दर्ग्यात हसनबाबा ऊद जाळत बसले होते. सर पोरवयापासून त्यांच्याकडे येत.

"असतं की. कोण म्हणत नाही?"

"बिरू. सुधारगृहातनं सुटून आलेला. सगळ्यांशी भांडून मी त्याला नववीत घेतला. पण शाळा सुटली की दारात थांबतो आणि म्हणतो, ‘जातो, सर.’ पोरं हसतात. असलं अभद्र कुणी बोलतं का? समजावून थकलो."

"मग?"

"सोमवारी चिडलो. म्हटलं, येतो म्हणायचं नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

"काय म्हणाला?"

"जातो म्हणाला... आणि आलाच नाही."



"प्रार्थनेच्या वेळी ओढ्यापलीकडं उभा दिसतो. हात केला की वळून चालायला लागतो. त्याची जागा मी कुणाला दिलेली नाही, बाबा. वर्गात पाऊल टाकलं की आधी तिकडंच बघतो. मन लागत नाही."

बाबांनी निखाऱ्यावर चिमूटभर ऊद टाकला.

"तरुणपणी मीही आत होतो. ठाऊक आहे ना?"

गावाला ठाऊक होतं, पण विषय कुणी काढत नसे. सरांनी नुसती मान हलवली.

"सुटायच्या दिवशी मी शिपायाला सवयीनं म्हणालो, येतो. तसा एक म्हातारा कैदी पुढं झाला आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाला, पोरा, या दारात येतो म्हणू नये. म्हटलं की यावं लागतं."



"पण बाबा, ही शाळा आहे."

"ते त्याला कुणी सांगितलं? तू तर येऊ नकोस म्हणालास."

 ऊद जळून गेला. मग सर उठले, पायरीपाशी गेले आणि नेहमीसारखे वळले.

"येतो, बाबा."

"हे मला नको सांगूस. बिरूच्या दारातनं निघताना म्हण."