ठकूआत्याचं फाटलेलं दूध

आपल्या बोरमाळवाडीला गाडीवाटही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. पण अंजिराच्या बागा मात्र कऱ्हा नदीच्या पाण्यापर्यंत होत्या. चैत्रात अख्ख्या वाडीला गोड वास यायचा आणि पोरं जेवायला घरी येतच नसत. पिकून फुटलेलं अंजीर झाडाखाली उभं राहून खावं, बोटं चाटावीत आणि दुसऱ्याला हात घालावा. त्या दिवसांबद्दल ऐकलं की अजून जीव हळहळतो.

त्या वाडीत ठकूआत्या राहायची. लहानपणीच नवरा गेला आणि ती भावाकडे परत आली. तिच्या हातची अंजिराची खीर खाऊन रुसलेली माणसं बोलायला लागायची, असं म्हणतात. पण लग्नकार्यात तिला कोणी चुलीला हात लावू देत नसे. विधवेचा हात नको म्हणायचे. खायला मात्र सगळे तिच्या दारी. माणसाची जात, काय सांगावं.

एका चैत्रात तिच्या भावाच्या लेकीचं, शेवंताचं लग्न निघालं. आईवेगळी पोर, आत्यानंच वाढवलेली. नवरीनं मांडवात खीर करून पहिली वाटी विहिणीला द्यायची, अशी तेव्हाची पद्धत. आत्या गोठ्यामागे बसलेली. शेवंता एकटीच, घाबरलेली. झाडावरून अंजिरं तोडली की देठ खाली करून ठेवायची, चीक निथळू द्यायचा, हे वाडीतलं शेंबडं पोरही जाणतं. शेवंता घाईत विसरली. अर्धकच्ची अंजिरं तिनं तशीच चिरून कोमट दुधात टाकली. बघता बघता हंडाभर दूध फाटलं.

विहीणबाई उठल्या.

"पयल्याच दिशी दूध नासलं. अशी पांढऱ्या पायाची पोर आम्हाला नगं."

बापानं डोक्याला हात लावला. वऱ्हाड पागोटी सावरू लागलं. तेव्हा गोठ्यामागून ठकूआत्या आली आणि सरळ मांडवात शिरली. तिला अडवायचंही कोणाला सुचलं नाही.

"नासलं न्हाई, विहीणबाई," ती म्हणाली. "आमी फाडलंय. आमच्या वाडीत लेकीच्या लग्नात दूध फाडत्यात. लेक माहेराला तुटती म्हणून. मग अंजीर-गुळानं बांधत्यात. सासरी जोडती म्हणून."

"ही रीत आमी कधी ऐकली न्हाई."

"तुमच्याकडं अंजीर कुठं हाय?"

अशी रीत कधीच नव्हती. वाडीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं आणि एकानंही तोंड उघडलं नाही. आत्यानं पदर खोचला. पंच्यातून दूध गाळलं, चोथा तुपावर परतला, वर गूळ आणि पिकून मऊ झालेली अंजिरं कुस्करून घातली. वास सुटला तशी बागेतली मधमाशी मांडवात आली आणि कोणाला चावली नाही, असं म्हणतात. वऱ्हाडाचं सामान लादून वेशीबाहेर गेलेले बैल आपण होऊन माघारी वळले, असंही म्हणतात. हंडा सगळ्यांना पुरून संध्याकाळपर्यंत रिकामा झाला नाही म्हणे. माझे आजोबा म्हणायचे, रिकामा झाला होता, विहीणबाईच झारा घेऊन खरवडत होत्या.

शेवंता नांदायला गेली. सुखात राहिली.

पुढच्या वर्षी वाडीत दुसरं लग्न निघालं. शेवंताच्या सासूच्या नात्यातली माणसं जेवायला येणार होती. वाडी पेचात पडली. आत्याचा शब्द खोटा ठरला तर शेवंताचं काय? मग म्हाताऱ्यांनी ठरवलं आणि पाटलीणबाई स्वतः कुंकवाचं बोट लावलेलं ताट घेऊन गोठ्यामागे गेल्या. "ठके, चल," म्हणाल्या, "दूध फाडायला तूच पायजे."

आता कितीतरी बागा गेल्या, प्लॉट पडले. आत्या जाऊन तर पिढ्या झाल्या. पण बोरमाळवाडीत लेकीच्या लग्नाला आजही अंजिराच्या चिकानं दूध फाडतात. चिकाचा पहिला थेंब वाडीतल्या विधवेनंच टाकायचा. नवरीचा बाप तिला हाताला धरून मांडवात आणतो, आणि ती आल्याशिवाय चूल पेटत नाही.