बोटावरची हळद

यंत्रांना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. लग्नाचे फोटो काढणारी रेवती स्वस्तातला लॅपटॉप घ्यायला दुकानात आली. चकचकीत, पातळ लॅपटॉप शेजारच्या जाड्याला म्हणाला, "मागे सरक. माझ्यात साधी माणसंसुद्धा उजळतात!"

रेवतीने दोघांवर हळद लागलेल्या नवरीचा एकच फोटो उघडला. पातळ्यावर नवरी सोन्यासारखी झळाळली. "वा!" दुकानदार म्हणाला.

रेवतीने त्याच लग्नातली हळद डबीतून बोटावर घेतली आणि पडद्याशी धरली. पातळ्यासमोर बोट मळकं दिसलं. जाड्यासमोर मात्र बोट कुठे संपलं आणि नवरीचा गाल कुठे सुरू झाला, कळेचना. 

"अरे, तू केलंस तरी काय?" पातळ्याने हळूच विचारलं.

"काहीच नाही. ती होती तशी येऊ दिली."